कुलूप एकाचे, झाडू चौघींचा

ताई, नमस्कार.
मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका गावात राहते. आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, कम्युनिटी हॉल आहे. मूळचा रंगमंच गावच्या लोकांनी बांधला, मागाहून पंचायतीने त्यावर छप्पर घालून हॉल केला. दोन वर्षांमागे मला हॉलच्या समितीची चिटणीस केले, कारण ‘तुझे मराठी चांगले, तू पत्रे लिहिशील’. पत्रे राहिली बाजूला, मी झाडूच मारते. सोबत महिला मंडळाच्या तिघी. किल्ली अध्यक्षकाकांकडे, ते कुंडईच्या कारखान्यात कामाला, घरी पोचतात सातला. पोरे रोज बॅडमिंटन खेळतात, घाम पुसतात नि जातात. एका पंचाच्या नातेवाइकांना लग्नासाठी हॉल फुकट मिळतो. गेल्या पावसात रंगमंचावर गळले, पडद्याला बुरशी धरली. श्रमदान ठेवले की ग्रुपवर सगळे अंगठा दाखवतात आणि येतो आम्हीच. म्हातारी मंडळी ऐकवतात, ‘आम्ही चिरे डोक्यावरून वाहिले, आजची पोरे काय करतात?’ आता अध्यक्षकाका म्हणतात, कुणाला पडलेलीच नाही तर चतुर्थीपुरता उघडू, एरवी कुलूप घालून ठेवू. स्वयंसेवक आणू कुठून? की राजीनामा देऊन मोकळी होऊ?
– एक चिटणीस

बाय,

तुझे पत्र दोनदा वाचले. मला त्यात स्वयंसेवकांचा दुष्काळ काही दिसला नाही. रोज संध्याकाळी धडधाकट पोरे तुझ्या हॉलवर येतात. म्हाताऱ्यांचा तर त्या रंगमंचावर इतका जीव आहे की अजून चिरे मोजतात. पण पत्रभर शोधूनही एक गोष्ट सापडली नाही: तुम्ही चौघी स्वतःसाठी हॉल कधी वापरता? झाडता, पुसता, खुर्च्या लावता, दुसऱ्यांचे कार्यक्रम झाले की पुन्हा झाडता. ज्यांना हॉल हवा असतो त्यांच्यावर कसली जबाबदारी नाही आणि जबाबदारी आहे त्यांना हॉलचा उपभोग नाही. असे असले की कुठल्याही गावात श्रमदानाला चारच माणसे येतात, आणि ती चार बहुतेक बायकाच असतात.

तेव्हा ‘श्रमदान’ हा कार्यक्रमच काही दिवस बंद ठेव. रविवारी सकाळी आठला ‘सर्वांनी यावे’ म्हटले की ते कुणालाच उद्देशून नसते. शिवाय शिफ्टला जाणाऱ्या पोरांना तेवढी एकच सकाळ झोपायला मिळते. त्यापेक्षा, जो हॉल वापरील त्याने वापरून झाल्यावर तो आवरावा, आणि आवरणाऱ्याच्या हाती किल्ली असावी. मला सांगायचे ते एवढेच. खालचे सगळे त्याचेच तपशील आहेत.

किल्लीचे आधी उरकून घे. सातला घरी येणाऱ्या माणसाकडे एकच किल्ली असेल तर हॉल सातनंतरच जिवंत होणार. दुपारी बायकांना सवड असते, चार वाजता म्हाताऱ्यांना. त्यांनी काय पायरीवर बसून राहायचे? काकांकडची किल्ली काढून घेऊ नकोस, त्यांचा मान राहू दे. नकला करून घे. एक महिला मंडळाला, एक भजनी मंडळाला, एक बॅडमिंटनच्या पोरांपैकी जो सर्वांत उशिरा घरी जातो त्याला. दाराच्या आत खिळ्याला एक जाड वही आणि सुतळीने बांधलेले पेन. किल्लीवाल्याने जाताना दोन ओळी लिहायच्या: किती वाजता बंद केले, पंखे-दिवे-नळ पाहिले का, काय मोडले. ‘डावीकडचा तिसरा पंखा आवाज करतो’ असे वहीत चार वेळा आले की पाचव्यांदा वायरमनला बोलावण्यासाठी सभा लागत नाही. वहीत कोण काय लिहितो त्यावरून वाद होतील, होऊ देत. आज तोंडी होतात त्यापेक्षा बरे.

पोरांशी बोलायचे ते ग्रुपवर नको, समोर बसून. ‘सात ते नऊ हॉल तुमचा, कुणी उठवणार नाही. नऊला जमीन पुसून, खिडक्या लावून, जाळे गुंडाळून जायचे. एक दिवस नाही पुसले तर दुसऱ्या दिवशी जाळे लागणार नाही.’ एवढेच. भाषण नको, ‘आजची पिढी’ तर मुळीच नको. पोरांना काम सांगितलेले आवडत नाही असे नसते, टोमणे आवडत नाहीत. आणि तुमच्या वाड्यावर भाड्याने राहणाऱ्या बिगर-गोमंतकीय कुटुंबांची मुले खेळायला येत असतील तर त्यांनाही या वाटणीत घे. कचरा त्यांनी काढायचा आणि रॅकेट दुसऱ्यांनी धरायची, असे मात्र होऊ देऊ नकोस.

आता कार्यक्रम. हॉल चतुर्थीपुरता उघडायचा म्हणजे तो वर्षभर बंद ठेवून मारायचा. आपल्या हवेत बंद खोलीला आठ दिवसांत कुबट वास येतो, महिन्यात वाळवीची मातीची वाट भिंतीवर चढते. दारे-खिडक्या रोज उघडतात ती वास्तू टिकते. म्हणून नवे उपक्रम शोधत बसण्याआधी, गावात जे चाललेच आहे त्याला हॉलमध्ये ठरलेली वेळ दे. महिला मंडळाची फुगडीची तालीम श्रावणात कुणाच्या तरी अंगणात चिखल तुडवत होत असेल; ती हॉलमध्ये आण. भजनी मंडळ कला अकादमीच्या भजन स्पर्धेला उतरत असेल, किंवा उतरायचे मनात असेल, तर त्यांना आठवड्याचे दोन वार नेमून दे. जत्रेच्या नाटकाच्या तालमी तर रंगमंचावरच व्हायला हव्यात. दहावी-बारावीच्या मुलांना फेब्रुवारी-मार्चमध्ये अभ्यासाला जागा दे. खोलीत टीव्ही चालू असलेल्या घरातल्या मुलाला चार टेबले आणि शांतता यापेक्षा मोठी देणगी नाही. त्या दिवसांत बॅडमिंटन तासभर आखडते घ्यावे लागेल. पोरांना आधी सांग, कुरकुरतील, पण त्यांच्यातलीच कुणाची तरी धाकटी बहीण दहावीत असतेच.

मुलांना घुमट आरती, म्हणजे घुमट या मडक्यासारख्या मातीच्या तालवाद्यावरची आरती, शिकवण्यासाठी आषाढ-श्रावण हे उत्तम दिवस. तुमच्या गावात चांगले घुमट वाजवणारा एखादा म्हातारा असेलच, ‘आम्ही चिरे वाहिले’ म्हणणाऱ्यांतलाच कदाचित. त्याला चार वाजता किल्ली दे आणि पुढ्यात सात-आठ पोरे बसव. मग त्याची तक्रार कमी होते की नाही बघ. एक काळजी मात्र घ्यायची. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, म्हणून आता बकऱ्याचे कातडे लावतात. कुणी ‘जुना अस्सल घुमट’ म्हणून घरातला आणून हॉलच्या कपाटात ठेवला तर समिती नसत्या लफड्यात सापडेल. सरकारने २०१९मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. तो मान बकऱ्याच्या कातड्यावरही तितकाच शोभतो.

तुम्हा चौघींसाठी म्हणून सांगते, मे महिन्यात पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचा, बाजार भरवा. पावसाळ्याची बेगमी करायची माणसे म्हापशाला, फोंड्याला गर्दीत जातात. तुमच्याच वाड्यावरच्या बायकांकडे सोले (आमसुले), सुक्या मिरच्या, पापड, फणसाची साठे, चेपणीची तोरे (मिठात मुरवलेल्या कैऱ्या) असतात. दोन दिवस हॉलमध्ये टेबले मांडा. टेबलामागे थोडे भाडे घ्या, ते हॉलच्या खात्यात जाऊ दे, बाकीची कमाई बायकांची. सुक्या मासळीला बाहेरच्या पडवीत बसव, नाहीतर पुढच्या भजनाला वास येईल आणि त्यावर सहा महिने चर्चा. पाहशील, त्या बाजारानंतर हॉलचे छप्पर गळते ही बातमी तुला कुणाला सांगावी लागणार नाही. ज्यांची टेबले तिथे लागली त्या बायकाच पंचाला गाठतील.

धालो, हा बायकांचा गाण्या-नाचाचा खेळ, मात्र हॉलमध्ये आणायच्या फंदात पडू नका. ‘सोयीचे होईल, फरशी आहे, पंखे आहेत’ असे कुणीतरी सुचवीलच. पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या पवित्र जागेवर, उघड्यावर, धरित्रीला साक्ष ठेवून घालायची ती गोष्ट. तिला ट्यूबलाइटखाली आणली की ते सादरीकरण होते. मांडाची जागा हॉल घेऊ शकत नाही, घेऊही नये.

आवाजावरून शेजाऱ्यांची कटकट होईलच. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापरायला सूट आहे, आणि त्यात कम्युनिटी हॉलचा नावानिशी उल्लेख आहे. पण आपले हॉल कसले बंदिस्त? झरोके उघडे, खिडक्या उघड्या, आवाज सरळ शेजारच्या पाळण्यापर्यंत. तालमीला माईक नकोच, आणि लग्नवाल्यांना दहाची वेळ पावतीवर छापूनच दे.

आता पाऊस, कारण वैशाख लागला आहे आणि हातात महिनाभर आहे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि घाटाच्या बाजूला आणखी जास्त. अशा पावसात छपरातले लहानसे भोकसुद्धा चार महिन्यांत रंगमंच कुजवते. काजूचा हंगाम संपत आला की माणसे थोडी मोकळी होतात, लग्नांची घाई असली तरी एखादी सकाळ मिळते. त्या सकाळी काय करायचे ते नीट लिहिते.

पत्र्याचे छप्पर असेल तर गळती बहुधा पत्र्याच्या मधोमध नसते, स्क्रूपाशी असते. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकतो आणि पाणी स्क्रूच्या अंगाने थेंबथेंब उतरते. आतून बघितले तर लोखंडी पट्टीवर गंजाचे ओघळ दिसतील. तिथे खडूने खूण करा. वायसर बदलायला फार पैसे लागत नाहीत. पण छपरावर आपल्या पोरांना चढवू नकोस. ‘आमचा तो माकडासारखा चढतो’ असे त्याची आई अभिमानाने सांगेल, तरीसुद्धा नाही. छपरावर जायचे ते काम माहीत असलेल्या, मजुरी घेणाऱ्या माणसाने, दोर बांधून. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर दुप्पट सांभाळा, ते पाय दिल्याबरोबर फुटतात आणि घासले तर त्यांची धूळ छातीला वाईट. मंगळुरी कौले असतील तर सरकलेली, फुटलेली तेवढी परतवून घ्यायची.

पोरांनी करायचे काम जमिनीवरचे: पन्हळीतून खाली येणारा पाईप मोकळा आहे का ते बादलीभर पाणी ओतून बघणे, आंब्या-फणसाचा पाला काढणे, हॉलभोवतीची गटारे उपसणे. चिऱ्याचा चौथरा पाणी पितो. भिंतीला लागून माती चढली असेल तर ती वीतभर खाली ओढा, नाहीतर आतला गिलावा कायम ओला राहतो.

आणि रंग. चतुर्थी आली की आपल्याकडे सगळ्यांना भिंती रंगवायची हुक्की येते. घरी लोक निदान दिवाणखाना रंगवतात, पण हॉलची भिंत बाहेरून भाद्रपदात रंगवणे म्हणजे पैसे ओहोळात टाकणे. आतून भिजलेल्या भिंतीवर रंग बसतच नाही, दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. मग ‘माल कमअस्सल आणला’ म्हणून चिटणीसवर ठपका. पाऊस गेल्यावर भिंत सुकू दे, फेब्रुवारी-मार्चमध्ये रंगव. चतुर्थीला तोरणे बांध, माणसांचे डोळे तिकडेच जातात.

रंगमंचामागची जागा स्वतः बघून ये, बॅटरी घेऊन. विंगांच्या प्लायवूडवर बोटाने टकटक कर; पोकळ आवाज आला की वाळवी आत आहे. जुन्या नाटकांचे दरवाजे, दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचा सांगाडा, मोडक्या खुर्च्या, असा जो ढीग भिंतीला टेकून असतो तोच तिचा पाहुणचार. लागेल ते चिऱ्यांवर उचलून भिंतीपासून हातभर दूर ठेवा, बाकी काढून टाका. ‘उपयोगी पडेल’ म्हणणाऱ्याच्या घरी ते पोचते करा, दुसऱ्या दिवशी तोच टाकून देतो. पडदे जून लागण्याआधी उतरवून, उन्हात कडक वाळवून, झटकून कपाटात. तबला, पखवाज, पेटी बंद हॉलमध्ये पावसाळाभर ठेवायची नाहीत. वाजती राहिली तर ठीक, नाहीतर वाजवणाऱ्याने घरी न्यावीत आणि वहीत तसे लिहावे.

पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवे, डेंगी तिथूनच निघतो. विजेच्या मुख्य फळीवर शॉकपासून वाचवणारा स्विच असतो, त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचे; दाबल्यावर वीज गेली पाहिजे. नाही गेली तर लगेच परवानाधारक वायरमन. मंडपवाल्यांना फळीतून थेट वायर ओढू द्यायची नाही, मग लग्न कुणाच्याही घरचे असो.

शौचालयांसाठी स्वयंसेवक मागू नकोस. हे मी मुद्दाम वेगळे सांगते. ते काम मागितले की बायकांवर येते, नाहीतर गावाच्या डोक्यात जे ‘ठरलेले’ लोक असतात त्यांच्याकडे न बोलता बोट जाते. दोन्ही आपल्याला नको. रोजंदारीवर माणूस लाव, त्याला हातमोजे, बूट, ठरलेली मजुरी आणि वेळेवर पैसे दे. ही हॉलच्या खर्चातली पहिली ओळ असली पाहिजे. पडद्याची झालर नंतर.

पैसा कुठून, तर लग्नांतून. भाडे, वेगळी अनामत, वेगळा सफाईचा आकार, असे तिन्ही दर फळ्यावर लाव. वाड्यावरच्यांना कमी दर देता येतो, पण तो सगळ्या वाड्याला. पंचाच्या नातेवाइकाशी भांडायला तू एकटी जाऊ नकोस. दर समितीच्या सभेत ठराव करून ठरवा, आणि पुढच्या वेळी तो आला की पावतीपुस्तक पुढे कर: ‘काका, समितीने ठरवलेय, मला बदलता येत नाही. भाडे माफ करायचे तर पंचांनी पंचायतीतून तसे लेखी आणावे.’ लेखी म्हटले की बहुतेकांना पाचशेच्या नोटा सापडतात. कमी पडले तर चतुर्थीत कूपने काढा, एखादी हाऊजी ठेवा. देवस्थानाच्या पावणीत (लिलावात) जी माणसे एका नारळावर शेकड्यांनी बोली चढवतात ती छपरासाठीही हात सैल सोडतात, फक्त नाव पुकारायला विसरायचे नाही. खाते बँकेत, सही दोघांची, आणि वर्षाचा जमाखर्च दारावर चिकटवलेला.

तुझ्या पत्रातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट शेवटी घेते. रंगमंच लोकांचा, हॉल पंचायतीचा, समिती तोंडी. मग छप्पर दुरुस्त करायचे कुणी? आधी जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढ. जमीन पंचायतीच्या नावावर आहे, कोमुनिदादीच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या), देवस्थानाच्या की एखाद्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या), ते त्यावर दिसेल. जमीन एकाची आणि बांधकाम दुसऱ्याचे निघाले तर ते आत्ता कळलेले बरे. मग पंचायतीकडून ठराव मागा: रोजची निगा आणि बुकिंग समितीकडे, छप्पर, वायरिंग आणि भिंतीसारखी मोठी दुरुस्ती पंचायतीकडे. स्वयंसेवकांनी झाडू मारावा, खिडक्या रंगवाव्यात. छप्पर बदलणे हे त्यांचे काम नव्हे, आणि ते त्यांच्या अंगावर ढकलू देऊ नये. समिती १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवायची तर निदान सात माणसे लागतात, आणि दरवर्षी कार्यकारी मंडळाची यादी द्यावी लागते. नोंदणी असली की कला व संस्कृती संचालनालयाच्या योजनांची चौकशी करता येते. नोंदणीची घाई नाही, ठरावाची आहे.

राजीनाम्याचे म्हणशील तर आत्ता देऊ नकोस. आत्ता दिलास तर काका कुलूप घालतील आणि खापर तुझ्यावर फोडतील. पण मुदत ठरव आणि सांगून टाक: चतुर्थीनंतरच्या सभेपर्यंत मी चिटणीस, पुढे दुसरे कुणी. तोवर तू झाडू हातात घ्यायचा नाही. तिघींनाही घेऊ देऊ नकोस. पहिले आठ-पंधरा दिवस हॉल घाण दिसेल, लोक नाक मुरडतील, कुणीतरी तुला विचारायला येईल. त्याला वही दाखव, काल शेवटची किल्ली कुणाकडे होती ते तीत आहे. मेमधल्या त्या एका सकाळी सगळे आले तर भाजी-पाव आणि चहा समितीच्या खर्चाने सांग, आणि तो करायला तू चुलीपाशी जाऊ नकोस, हॉटेलातून मागव.

ठरावाची आणि छपराच्या दुरुस्तीची, अशी दोन वेगवेगळी पत्रे या आठवड्यात लिहून काढ. तुझे मराठी चांगले आहे म्हणून तुला चिटणीस केले ना? पत्रांसोबत गंजाच्या ओघळांचे फोटो जोड, सरपंचांच्या नावे पंचायतीच्या कार्यालयात दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस, आणि पुढच्या ग्रामसभेला जाताना ती प्रत पिशवीत ठेव.